'दि अर्ली असिमॉव्ह': कथांपेक्षा मधली टिपणं मोलाची

शंभराहून अधिक पुस्तकं नावावर जमा झाल्यानंतर, १९७२ साली, अमेरिकी विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह यांनी आपल्या उमेदवारीच्या काळातल्या कथा या पुस्तकात एकत्र काढल्या. उपशीर्षकच आहे 'अकरा वर्षांची खटपट'. १९३८ ते १९४९ या काळातल्या २७ कथा, आणि त्यांच्या मधोमध सलग चालणारं आत्मकथन. रोबॉटच्या कथा यात नाहीत, आकाशगंगेतल्या साम्राज्यावरच्या 'फाउंडेशन' मालिकेतल्या नाहीत, 'नाइटफॉल' ही गाजलेली कथाही नाही. त्या आधीच दुसऱ्या पुस्तकांत गेल्या होत्या. म्हणजे हाती येतं ते उरलेलं. त्यामुळे निवडक असिमॉव्ह वाचायला मिळेल या अपेक्षेनं हे घेतलं, तर पहिल्या पाच-सहा कथांतच हिरमोड होतो. काही महिने हाताशी ठेवून, पुढंमागं चाळून, इतर पुस्तकांशी ताडून पाहिल्यावर मात्र त्याचा खरा उपयोग कळतो. कथा कशी सुचते, कुठं जाते, 'साभार परत' का येते आणि दुरुस्त होऊन कुठं छापली जाते, याची इतकी प्रामाणिक रोजनिशी विज्ञानकथेत क्वचितच सापडेल.

कथांचा क्रम प्रसिद्धीचा नाही, लेखनाचा आहे. हे आधी लक्षात घेतलं नाही तर गोंधळ उडतो. 'द कॅलिस्टन मेनेस' पुस्तकात पहिली आहे, पण ती छापून आली एप्रिल १९४० मध्ये, म्हणजे नंतर लिहिलेल्या काही कथांच्याही मागून. अगदी पहिली कथा 'कॉस्मिक कॉर्कस्क्रू' पुस्तकात नाहीच, कारण ती हरवली. २१ जून १९३८ रोजी अठरा वर्षांचे असिमॉव्ह ती घेऊन स्वतः 'अस्टाउंडिंग' या विज्ञानकथा मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांच्या कचेरीत गेले. कथा परत आली, पण संपादकाशी ओळख झाली. तिथून कॅम्पबेल यांच्या पहिल्या होकारापर्यंत साधारण सात महिने गेले. तो होकार मिळवणारी कथा 'ट्रेंड्स'.

वाचायला सुरुवात 'ट्रेंड्स'पासूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अवकाशप्रवासाला सामान्य लोकच विरोध करतील, ही तिची कल्पना. ती आली कुठून? कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना असिमॉव्ह बर्नहार्ड स्टर्न या समाजशास्त्रज्ञासाठी टंकलेखन करत, आणि त्यांचा विषयच होता नव्या तंत्राला होणारा सामाजिक विरोध. कथेतली चंद्राभोवतीची फेरी १९७८ मध्ये होते. प्रत्यक्षात अपोलो-८ या यानाने ती १९६८ मध्येच मारली. सनावळी चुकली, तरी माणसांच्या वागण्याचा अंदाज टिकला. पोटापाण्याच्या कामातून कथाबीज कसं उचलावं, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

पुढची महत्त्वाची जोडी 'होमो सोल' आणि 'द इमॅजिनरी'. कॅम्पबेल यांना परग्रहवासीयांपुढं माणूस वरचढ ठरलेला हवा असे. 'होमो सोल'मध्ये त्यांनी त्या सुराचा मजकूर स्वतः घातला. 'द इमॅजिनरी' तिचाच पुढचा भाग, पण तीत माणसंच नाहीत, म्हणून ती नाकारली गेली. हिटलरच्या काळात वंशश्रेष्ठत्वाचा हा सूर असिमॉव्ह यांना सहन होईना. वाद घालण्यापेक्षा त्यांनी परग्रहवासीच काढून टाकले. फाउंडेशनमधली आकाशगंगा फक्त माणसांनी का भरलेली आहे, याचं उत्तर इथं मिळतं. 'ब्लाइंड अ‍ॅली' ही १९४५ ची कथा त्याच विश्वात घडते, पण तीत परग्रहवासी आहेत. ती या दोघींनंतर लगेच वाचावी. तिचं कथानक पुढं सरकतं ते कार्यालयीन पत्रव्यवहारातून, आणि ती वाचताना लेखक तेव्हा फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत नोकरीला होते हे आठवत राहतं.

टाळायच्या कथाही सांगतो. 'ब्लॅक फ्रायर ऑफ द फ्लेम' वारंवार फेरलेखन होऊन १९४२ मध्ये छापली गेली. गोधडीला ठिगळं लागावीत तशी प्रत्येक दुरुस्ती वेगळी दिसते. तिचं टिपण जरूर वाचा. कथा अर्ध्यावर सोडलीत तरी चालेल. 'हाफ-ब्रीड' आणि शुक्रावर घडणारा तिचा पुढचा भाग यांतलं विज्ञान कालबाह्य आहे. शुक्रावरची जंगलं तेव्हा शक्य वाटत होती. १९६२ मध्ये मरिनर-२ या यानाने तो ग्रह भट्टीसारखा तापलेला असल्याचं दाखवलं. स्त्री-पात्रं तर या सगळ्या पुस्तकात जवळपास नाहीतच, आणि ही उणीव मला विज्ञानाच्या चुकांपेक्षा जास्त खटकते.

पैशांचा हिशेबही मन लावून वाचण्यासारखा आहे. कॅम्पबेल शब्दाला एक सेंट देत. फ्रेडरिक पोल हे जेमतेम विशीतले संपादक अर्धा सेंट देत, पण कॅम्पबेल यांच्याकडून परत आलेल्या बऱ्याच कथा त्यांनीच घेतल्या. आपल्याकडं विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्यांनी वाचताना शेजारी वही ठेवावी आणि प्रत्येक कथेसाठी चार रकाने आखावेत: कधी लिहिली, कुणी परत केली, काय बदललं, कुठं छापली. दहा-बारा नोंदी झाल्या की चित्र उमटतं. १९४१ नंतर साभार परत येणाऱ्या कथा कमी होतात, आणि त्याच सुमारास कथांची सुरुवातही घट्ट होते. प्रस्तावनेचे परिच्छेद गळतात.

शेवटच्या भागात पुस्तक खुलतं. 'थायोटिमोलिन' म्हणजे पाणी ओतण्याच्या १.१२ सेकंद आधीच विरघळणाऱ्या पदार्थावरचा खोटा शोधनिबंध. पीएच.डी.चा प्रबंध लिहिण्याआधी रुक्ष शैलीचा सराव म्हणून तो लिहिला गेला. टोपणनाव वापरा, असं असिमॉव्ह यांनी कॅम्पबेल यांना सांगूनही तो मार्च १९४८ मध्ये खऱ्या नावानं छापला गेला, आणि तोंडी परीक्षेच्या शेवटी परीक्षकांनी त्याच पदार्थावर प्रश्न विचारला. आधी निबंध वाचा, मगच त्यामागची हकिकत. 'मदर अर्थ' ही कथा मात्र असिमॉव्ह यांची 'केव्ह्ज ऑफ स्टील' ही कादंबरी हाती घेण्यापूर्वी वाचावी. पृथ्वी आणि बाहेरच्या जगांमधला तणाव, अरोरा हे त्यातल्या एका जगाचं नाव, सगळं इथं कच्च्या रूपात आहे.

विकत घेताना एक काळजी घ्या. पेपरबॅकमध्ये हे पुस्तक फोडून विकलं गेलं: अमेरिकेत दोन भागांत, ब्रिटनमध्ये तीन. जुन्या पुस्तकांच्या दुकानात सुटा भाग मिळाला तर टिपणांचा धागा तुटतो, कारण मागच्या नकारांचे संदर्भ पुढं येत राहतात. शक्यतो एकत्र आवृत्ती घ्यावी. सुटाच घ्यायचा झाला तर शेवटचा भाग घ्या. त्या काळातल्या साठ कथांची यादी पुस्तकाच्या अखेरीस आहे. यादीत हरवलेल्या म्हणून दाखवलेल्यांपैकी दोन नंतर सापडल्या, तेवढं पेन्सिलीनं नोंदवून ठेवा. 'बिग गेम'चं हस्तलिखित बॉस्टन विद्यापीठाच्या संग्रहात मिळालं आणि ते १९७४ मध्ये छापलं गेलं. 'द वेपन' तर १९४२ मध्येच टोपणनावानं छापून आली होती. खुद्द लेखकच ते विसरले होते.