शपथेच्या याद्यांमधून पूर्वज शोधताना: वर्षभराच्या वापरानंतर

वंशावळीच्या एका साइटने गेल्या महिन्यात न विचारता कार्डावरून पुढच्या वर्षाची वर्गणी कापून घेतली. ग्राहकसेवेशी भांडून निम्मे पैसे परत मिळाले, निम्मे बुडाले. त्या तिरमिरीतच लिहायला बसले आहे, कारण मला हवं होतं ते शेवटी फुकट मिळालं: पेनसिल्व्हेनियात उतरलेल्या जर्मन लोकांनी राजनिष्ठेची शपथ घेतली, त्या शपथांच्या मूळ याद्यांत.

जावई पेनसिल्व्हेनियातल्याच बर्क्स काउंटीचा. नातीला दोन्हीकडची घराणी लिहून द्यायची होती. आमचा कुलवृत्तांत छापलेला आहे, पान उघडलं की पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. जावयाकडे मात्र आजोबांच्या आजोबांवर सगळं अडलं होतं. आडनाव ब्राउन. आपण मूळचे इंग्लंडचे, असं घरात सगळेच धरून चालले होते.

ज्यांनी हा शोध घेतलाय त्यांना याद्यांचे प्रकार माहीत असतील, म्हणून थोडक्यात सांगते. रॉटरडॅमहून जहाजं भरून जर्मन येऊ लागले, तशी इथल्या इंग्रज सरकारला धास्ती वाटली. १७२७ च्या सप्टेंबरात गव्हर्नर पॅट्रिक गॉर्डनच्या कौन्सिलने ठरवलं की प्रत्येक कप्तानाने प्रवाशांची यादी द्यायची आणि सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी फिलाडेल्फियात निष्ठेची शपथ घेऊन सही करायची. कप्तानाची ती ए यादी, राजनिष्ठेच्या शपथेवरच्या सह्यांची ती बी. पोपचा अधिकार आणि पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा इंग्लंडच्या गादीवरचा दावा नाकारण्याच्या शपथेवर सह्या झाल्या, ती सी. हा क्रम १७७५ पर्यंत चालला. मूळ कागद हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. १९३४ साली पेनसिल्व्हेनिया जर्मन सोसायटीने सगळ्या याद्या तीन खंडांत छापल्या. त्यातल्या दुसऱ्या खंडात सह्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आहेत. खंड विकत घ्यायची गरज नाही, इकडच्या वाचनालयांत मिळतात.

सुरुवातीचे काही महिने मी ए यादीलाच धरून होते. वाचायला सोपी, काही जहाजांच्या यादीत वयही दिलेलं, क्वचित बायकामुलांचीही नावं. पण ती लिहिली कप्तानाने किंवा त्याच्या कारकुनाने, कानाला इंग्रजीत ऐकू आलं तसं. एकच नाव ए यादीत एक आणि सी यादीत दुसरंच दिसतं. त्यात बहुतेक मुलगे योहान, हाक मारायचं नाव त्याच्या पुढचं. पहिल्या नावाने शोधायला गेलात तर योहानच योहान, हाती काही लागत नाही. आता माझं मत ठाम आहे: सुरुवात सी यादीपासून करा आणि छापील नाव नका बघू, सही बघा.

सहीबद्दल जरा सविस्तर लिहिते. हे लोक कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत सही करत. मी पुण्यात मोडीचा वर्ग केला होता, त्याचा इथे फार उपयोग झाला. मोडीत जशी लेखणी न उचलता अक्षराला अक्षर जोडत जातात आणि वळणावरून अक्षर ओळखावं लागतं, तसंच हे. कुरेंटमध्ये ई आणि एन अगदी सारखे दिसतात. यू आणि एन तर इतके सारखे, की ओळखू यावा म्हणून यूच्या डोक्यावर एक छोटी कमान काढत. माझा सगळा शोध त्या कमानीवर उभा आहे. पैसे देऊन घेतलेल्या साइटवर एक नाव ‘ब्रान’ असं चढवलं होतं, एनला एन जोडून. प्रतिकृतीत मी भिंग लावून पाहिलं. त्या अक्षरावर शाईचा बारीक, डावीकडे थोडा जाड झालेला कमानीचा फराटा स्पष्ट होता. म्हणजे तो एन नाही, यू. नाव ब्राउन, पण जर्मन वळणाचं (Braun). साइटला दुरुस्ती कळवली. पोच आली, नाव आजही तसंच आहे. जिचे पैसे घेता ती माहिती वाचणाऱ्याला निदान लिपी यायला हवी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असं नाही. योहान ब्राउन एकाहून जास्त आहेत. बर्क्सचं मुख्य गाव रेडिंग, तिथे काउंटीच्या कचेरीत जुनी मृत्युपत्रं आहेत. आमच्या ब्राउनच्या मृत्युपत्रात कारकुनाने सगळीकडे इंग्रजी स्पेलिंग लिहिलंय आणि तळाला त्याने स्वतः कुरेंटमध्ये सही केली आहे. हात म्हातारा झालेला, पण बी अक्षराचं पोट तसंच फुगीर, यूवरची कमान तशीच डावीकडे जाड. दोन्ही कागद शेजारी ठेवून मी आणि जावयाने पाहिले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आईला फोन लावून म्हणाला, आपण जर्मन आहोत.

इथे एक सावधगिरी. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं नाव कारकून लिहायचा आणि ते शेजारी फुली किंवा एखादं अक्षर काढत. वरखालच्या नावांचं वळण एकच दिसलं की ती सही नव्हे, कारकुनाचा हात. एक योहान ब्राउन मी फुलीमुळेच वगळला, कारण आमच्याला लिहिता येत होतं.

याच माणसांच्या आयुष्यात दुसरी शपथ आली ती १७७७ ची, त्यामुळे तीही तपासली. जून १७७७ च्या कायद्याने अठरा वर्षांवरच्या गोऱ्या पुरुषांना इंग्लंडच्या राजाची, तिसऱ्या जॉर्जची, निष्ठा सोडून नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. ज्या राजघराण्याशी निष्ठा वाहून किनाऱ्यावर पाय ठेवला, त्याच घराण्याशी नातं तोडायची शपथ उतारवयात. नकार देणाऱ्याला मतदान नाही, कोर्टात दावा नाही, जमिनीची खरेदी-विक्री नाही, पुढे करही दुप्पट. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची धर्माप्रमाणे शपथेलाच हरकत, त्यांना हे फार जड गेलं. त्यामुळे या यादीत नाव नसणं हीसुद्धा माहितीच. मात्र मी पाहिलेल्या याद्या न्यायाधिकाऱ्यांच्या कारकुनांनी उतरवून काढलेल्या आहेत. सही नाही, म्हणजे पडताळायला काही नाही. उपयोगाच्या दृष्टीने जहाजाच्या याद्यांच्या निम्म्याही नाहीत.

माझी सगळ्यात मोठी तक्रार बायकांबद्दल आहे आणि ती वर्षभरात कमी झालेली नाही. शपथ फक्त पुरुषांची. त्याच जहाजात तेवढाच त्रास काढून आलेली, वाटेत मूल गमावलेली बाई सी यादीत कुठेच नाही. आमच्या ब्राउनची बायको शेवटी लुथरन चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत सापडली, तीही फक्त पहिल्या नावाने. माहेरचं आडनाव अजून मिळालेलं नाही. नातीच्या तक्त्यात मी ती जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे, अंदाजाने काही भरणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर पेट्रोल आणि मृत्युपत्राच्या प्रतीची फी, बस्स. पैशाची साइट लागलीच तर आधी वाचनालयात विचारा, पुष्कळ ठिकाणी तिथल्या संगणकावर ती फुकट उघडते. घरून घेणार असाल तर घेतल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. माझे निम्मे पैसे परत आले ते अशा फोटोमुळेच.