रंग टिकला तो घासण्यामुळे

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत माझ्या गाडीच्या चाकांच्या क्रोम रिमांना, म्हणजे त्यावरच्या चकचकीत मुलाम्याला, फोड आले होते. आधीच्या गॅरेजवाल्याने नुसतं पुसून स्प्रे मारला; महिन्याभरात रंग सालीसारखा निघाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पेंटरकाकांनी मात्र टायर उतरवून सुटलेलं क्रोम काढलं, कडा नखाला लागणार नाहीत इतक्या घासल्या. मग १८० आणि ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळी चकाकी घालवली. गुळगुळीत क्रोमवर रंग धरतच नाही! त्यावर एपॉक्सी प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर), गनमेटल म्हणजे गडद राखाडी रंग, वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. नट बसतात ती जागा झाकून ठेवली, कारण तिथे रंगाचा थर राहिला तर नट ढिले पडू शकतात. हे सांगणारा कारागीर मला पहिल्यांदाच भेटला. चार दिवस लागले, पण अख्खा पावसाळा गेला तरी एक टवका उडालेला नाही.