फुकेतचा ‘हमखास भाड्या’चा कॉन्डो घ्यावा का?

थायलंडमधल्या फुकेत आणि पट्टायात नवे कॉन्डो, म्हणजे मोठ्या इमारतीतले मालकीचे फ्लॅट, विकताना एक योजना हटकून पुढे केली जाते. फ्लॅट घ्या, तो बिल्डरच्याच व्यवस्थापनाकडे ठेवा, तीन वर्षं दरवर्षी किमतीच्या ७ टक्के भाडं घ्या आणि वर्षातून पंधरा दिवस स्वतः फुकट राहा. सुट्टीचं घर म्हणून यात नक्कीच मजा आहे. गुंतवणूक म्हणून मात्र आमचं मत प्रतिकूल आहे, आणि दुखणं त्या ७ टक्क्यांतच आहे.

४० लाख बाथच्या (बाथ हे थायलंडचं चलन) फ्लॅटवर ७ टक्के म्हणजे तीन वर्षांत ८ लाख ४० हजार. आता त्याच परिसरात तेवढाच, ३५ चौरस मीटरचा, योजनेशिवायचा फ्लॅट काय भावाने जातो ते बघा. तो ३२ लाखांना मिळत असेल तर भाड्याची रक्कम तुम्ही किमतीतच भरून ठेवली आहे. बिल्डर ती हप्त्याहप्त्याने परत करतो आहे. हमीच्या करारावर सही कोणत्या कंपनीची आहे तेही वाचा. पुष्कळदा ती मूळ कंपनी नसते, थोड्या भांडवलावर काढलेली वेगळीच कंपनी असते. ती बुडाली की हमीही बुडाली.

हमी संपल्यावरचा हिशेब उदाहरणादाखल मांडू. महिना १८,००० बाथ भाडं आणि वर्षातले आठ महिने भाडेकरू, म्हणजे १,४४,०००. चौरस मीटरला महिना ६० बाथ दराने मेंटेनन्स २५,२००. एजंटला एक महिन्याचं भाडं १८,०००. एसीची सर्व्हिसिंग, विमा आणि किरकोळ दुरुस्ती १५,०००. हातात उरले ८५,८००, म्हणजे ४० लाखांवर जेमतेम २.१ टक्के. तेही करापूर्वी.

यावर ‘पर्यटकांना रोजच्या दराने द्या’ असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. २००४च्या हॉटेल कायद्याप्रमाणे महिन्याहून कमी मुदतीने खोली भाड्याने देणं हा हॉटेलचा धंदा ठरतो. कॉन्डोमधल्या सुट्या फ्लॅटला तसा परवाना मिळणं जवळपास अशक्य असतं. शेजाऱ्यांनी तक्रार केली की दंड मालकाला.

मालकीचा मुद्दा त्याहून मोठा. १९७९च्या कॉन्डोमिनियम कायद्यानुसार इमारतीतल्या विक्रीयोग्य क्षेत्रापैकी ४९ टक्केच परदेशी लोकांच्या नावावर होऊ शकतं. हा कोटा भरला की तुमच्यापुढे लीजहोल्ड, म्हणजे मालकीऐवजी लांब मुदतीचा भाडेपट्टा, ठेवतात. लीजची नोंदणी एका वेळी ३० वर्षांपलीकडे होत नाही. ‘३० अधिक ३० अधिक ३०’ मधली पुढची साठ वर्षं म्हणजे नुसता शब्द, त्यांचे पैसे मोजू नका. टोकन देण्याआधी इमारतीच्या ज्युरिस्टिक पर्सनकडून, म्हणजे तिथल्या सोसायटीकडून, कोटा शिल्लक असल्याचं पत्र घ्या. जुना फ्लॅट असेल तर थकबाकी नसल्याचा दाखलाही लागतो. त्याशिवाय लँड ऑफिसात नाव चढत नाही.

पैसे पाठवताना होणारी चूक सर्वांत महागात पडते. रक्कम बाहेरून परकी चलनातच यायला हवी; बाथ करायचे ते थायलंडमधल्या बँकेत. पाठवणाऱ्याचं नाव खरेदीदाराचंच हवं आणि कारणाच्या रकान्यात कॉन्डो खरेदी व फ्लॅट नंबर हवा. ५० हजार डॉलर किंवा जास्त रक्कम आली की बँकेकडून फॉरेन एक्स्चेंज ट्रान्झॅक्शन फॉर्म मागून घ्या. तो नोंदणीला लागतो, आणि उद्या फ्लॅट विकून पैसे देशाबाहेर न्यायलाही हाच कागद कामी येतो. जपून ठेवा.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात जोखीम आणखी वाढते. ८० किंवा जास्त फ्लॅट असतील तर पर्यावरण मंजुरी लागते. ती नसताना बुकिंग घेणारा भेटला तर उठून या. एस्क्रोचा, म्हणजे हप्ते तिऱ्हाइताच्या खात्यात सुरक्षित ठेवण्याचा, कायदा २००८चा आहे, पण तो ऐच्छिक आहे. हप्ते सहसा थेट बिल्डरच्या खात्यात जातात.

विकताना पाच वर्षं झालेली नसतील तर साधारणपणे ३.३ टक्के विशेष व्यवसाय कर लागतो. ४० लाखांवर १ लाख ३२ हजार, वरच्या हिशेबातल्या दीड वर्षाच्या कमाईएवढे. शिवाय सरकारी मूल्यांकनावर २ टक्के ट्रान्सफर फी आणि उगमकर (विक्रीच्या वेळीच कापला जाणारा कर) वेगळा.

तरीही स्वतःला राहायलाच हवा असेल तर योजना सोडा आणि कोट्यातला, चार-पाच वर्षं जुना फ्लॅट बघा. सोसायटीचे शेवटचे दोन ताळेबंद मागा. पाहणीला जानेवारीत न जाता सप्टेंबरात, फुकेतच्या भर पावसात जा, आणि महिनाभर बंद असलेला फ्लॅट उघडायला लावा. बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या भागातलं, पाणी सुकलं असेल तर गटाराचा वास दारातच येईल. कपाटाच्या मागच्या फळीवर हात फिरवा, गादी उलटून बुरशी बघा. बाल्कनीतल्या एसीच्या पत्र्या खाऱ्या वाऱ्याने पिठासारख्या झडत असतील, तर नव्या एसीचे पैसे किमतीतून तिथेच कापून मागा.