संस्थेच्या ॲक्रेडिटेशनसाठी सल्लागार घेतला, काही महिन्यांनंतरचा अनुभव

सल्लागारांचं 'रिन्यूअल सपोर्ट'चं बिल आलंय, म्हणून लिहायला बसलो. आमची संस्था छोटी, विशेष मुलांचं डे-केअर चालवतो. १२ए, ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या), सीएसआर-१ (कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी), दर्पण नंबर (सरकारी पोर्टलवरची संस्थेची नोंद) सगळं देऊनही देणगी देणारे कंपन्यावाले 'अजून काही आहे का' विचारतातच, त्यामुळे स्वयंसेवी संस्थांचा कारभार तपासून प्रमाणित करणाऱ्या क्रेडिबिलिटी अलायन्सचं ॲक्रेडिटेशन (मान्यता) करून घ्यायचं ठरलं आणि कागदपत्रांच्या मदतीला हे सल्लागार घेतले.

आधी राग आला तो पॉलिसींच्या गठ्ठ्याचा. एचआर, खरेदी, बालसंरक्षण, सगळं इंग्रजीत आणि कुठल्याही संस्थेला चिकटवता येईल असं. बालसंरक्षणात हॉस्टेलचे नियम, आमची मुलं तर चार वाजता घरी जातात. मुलांना भरवणं, कपडे बदलणं ज्या ताई करतात त्यांनाच ते वाचता येत नसेल तर ते धोरण कोणासाठी? मराठीत हवं तर पैसे वेगळे म्हणे. हे मला आजही पटत नाही, शेवटी ताईंना घेऊन बसलो आणि आमचं आम्हीच दोन पानी लिहिलं.

पण मग त्यांच्याकडच्या एक वयस्कर मॅडम आल्या आणि माझं मत बरंचसं बदललं. त्यांनी फक्त प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही) मागितलं. पान न् पान वाचलं, कोरम होता का, मागचं इतिवृत्त कायम केलं का, सह्या कोणाच्या. खजिनदार वारल्यावर नवीन नेमल्याचा ठराव होता, पण चेंज रिपोर्ट (माणूस बदलल्याची कळवणूक) धर्मादाय कार्यालयात गेलाच नव्हता. १९५० च्या विश्वस्त कायद्यात कलम २२ खाली ९० दिवसांत द्यायचा असतो तो. म्हणजे परिशिष्ट-१ वर (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद) अजून वारलेल्या काकांचंच नाव, आणि ऑडिट रिपोर्टवर सही नव्या माणसाची! एवढी वर्षं ऑडिटरने बघितलं नाही, बँकेने नाही. आता विलंब माफीच्या अर्जासकट रिपोर्ट दाखल केलाय.

त्यामुळे ज्यांच्या मंडळात मधल्या काळात माणसं बदललीत त्यांनी ॲक्रेडिटेशनचा फॉर्म उघडायच्या आधी प्रोसिडिंग बुक आणि परिशिष्ट-१ ची नक्कल शेजारी ठेवून नावं जुळवा, याला सल्लागार लागत नाही.

रिन्यूअलचं पॅकेज आम्ही घेणार नाही. त्या मॅडमच्या एका दिवसाचे वेगळे पैसे द्यायला तयार आहोत असं कळवलंय, अजून उत्तर नाही. सातारा-सांगलीकडे नुसतं प्रोसिडिंग तपासून देणारं कोणी माहीत असेल तर सांगा.