गोव्यातल्या चिऱ्याच्या घरासाठी कॅमेरा: वायफायचा की वायरचा?

आईबाबा सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे राहतात आणि मी फोंड्यात. गेल्या जूनमध्ये फाटकावरचा वायफाय कॅमेरा दिवसातून पाच-सहा वेळा ‘ऑफलाइन’ दाखवू लागला. मी नवा आणून बसवला, तर तोही तसाच. तेव्हा कळलं की कॅमेरे दोन्ही धडधाकट होते, बिघाड त्यांच्यापर्यंतच्या वाटेत होता. म्हणून वायफाय की वायर हे ठरवताना मेगापिक्सेल मागाहून बघा. कुठला बिघाड होऊ शकतो आणि तो घरच्या घरी सापडतो का, हे आधी बघा.

मधली भिंत

जुन्या घरांची चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत जाड असते आणि चिरा पाणी धरून ठेवतो. ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त सिग्नल खाते. मे महिन्यात छान चाललेला कॅमेरा पावसात अडखळतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. तपासणी सोपी आहे. सिग्नल मोजणारं फुकट ॲप फोनवर घ्या आणि कॅमेऱ्याच्या जागी जाऊन उभे राहा. आकडा उणे ६७ डीबीएमच्या (हे सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं) आसपास किंवा त्याहून बरा असेल तर निर्धास्त राहा. उणे ७५ च्याही खाली गेला तर नवा कॅमेरा घेऊन काही होणार नाही. राउटर पडवीकडच्या खिडकीशी आणा किंवा मध्ये एक जादा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा लावा. कॅमेरा जोडलाच जात नसेल, तर फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर आहे का ते बघा. स्वस्त कॅमेऱ्यांना बहुधा फक्त २.४ कळतं. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं दिली की बहुतेक वेळा काम होतं.

वायरच्या, म्हणजे पीओई कॅमेऱ्याला भिंतीचं काही पडलेलं नसतं. एकाच नेटवर्क केबलमधून चित्र येतं आणि वीज जाते, १०० मीटरपर्यंत. त्याचे रोग वेगळे. उघड्यावरच्या जोडात पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. मोरजी-मांद्र्याच्या खाऱ्या वाऱ्यात तर लवकरच. कौलांखालून नेलेली केबल उंदीर कुरतडतात. शिवाय स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. लांब अंतरावर वीज पुरत नाही आणि कॅमेरा मध्येच बंद पडतो. पण इथे दोष शोधायला डोकं खाजवावं लागत नाही. कॅमेरा खाली उतरवून स्विचला, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे येतात त्या डब्याला, हातभर केबलने जोडा. चालला तर वरची केबल किंवा जोड खराब, नाही चालला तर कॅमेरा. स्विचचं भोकही एकदा बदलून बघा. दहा मिनिटांत निकाल लागतो, आणि मला वायर आवडते ती याचसाठी. वायफायचा दोष आज दिसतो, उद्या लपतो.

वीज

बॅटरीवरचा नसेल तर वायफाय कॅमेऱ्यालाही विजेची वायर लागतेच, हे विकत घेताना कुणी सांगत नाही. दिवसा नीट चालणारा कॅमेरा अंधार पडताच पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर आधी ॲडॅप्टर बदला. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की जास्त वीज लागते आणि दमलेला ॲडॅप्टर ती देऊ शकत नाही.

आमच्याकडे पावसात वीज जाते ती तास-दोन तास. वायफायमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा प्लग इन्व्हर्टरवर हवा, शिवाय राउटर आणि फायबरचा डबाही. पीओईमध्ये स्विच आणि रेकॉर्डर एका लहान यूपीएसवर ठेवले की सगळे कॅमेरे जागे राहतात. वीज परतल्यावर रेकॉर्डिंगवर १९७० सालची तारीख दिसली तर घाबरू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ शून्यावर गेलेलं असतं. आपोआप वेळ जुळवण्याची सोय सेटिंगमध्ये चालू करा.

एका बाबतीत मात्र वायफाय सरस आहे. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात बाहेरची लांब तांब्याची केबल विजेचा झटका थेट स्विचपर्यंत आणू शकते. सर्ज प्रोटेक्टर लावा, पण घराचं अर्थिंग नीट असेल तरच त्याचा उपयोग. आईला मी ढग वाजू लागले की फाटकाची केबल स्विचमधून काढायला शिकवलं आहे. तेवढा वेळ कॅमेरा बंद राहिला तरी चालेल.

दोघांना सारखंच

घरात दिसतं, बाहेरून दिसत नाही, ही तक्रार दोन्हींची. फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा, मग पुन्हा घरच्या वायफायवर. फक्त घरात दिसलं तर कॅमेरा निर्दोष आहे. अडचण घरातून बाहेर जाणाऱ्या नेटमध्ये, म्हणजे अपलोडमध्ये आहे, किंवा इंटरनेटवाल्याने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता दिला आहे. मग राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत येण्याची वाट उघडून उपयोग नाही, कंपनीच्या ॲपमधूनच बघावं लागतं. रात्री चित्रात पांढरं धुकं दिसलं तर कोळ्याचं जाळं झाडा, आणि कॅमेरा वळचणीपासून थोडा दूर घ्या. आणि डब्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले होते. आईबाबांचं अंगण परक्या माणसाने बघावं, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

मग घ्यावं काय?

भाड्याचा फ्लॅट असेल, किंवा घरात आजी-आजोबांवर लक्ष ठेवायला एकच कॅमेरा हवा असेल, तर वायफाय पुरेसा आहे. भिंती फोडू नका. फाटक, कुळागर (पोफळीची बाग), मागचं दार अशा बाहेरच्या जागा असतील आणि घरची माणसं दूर असतील तर खर्च जास्त झाला तरी वायरच घ्या. आम्ही शेवटी दोन्ही ठेवले: फाटकाला वायर, हॉलमध्ये जुना वायफाय. वायर घालणार असाल तर एप्रिलमध्येच घाला, पाईपमधून, आणि एकीच्या जागी दोन केबल ओढा. एक उंदरांनी खाल्ली तर भर पावसात कौलं काढावी लागणार नाहीत.