आठ चॅनेलचं वर्कस्टेशन, रॅम मात्र चारच चॅनेलवर: फर्मी वायूच्या गणितावर उन्हाळा-पावसाळा वापरल्यावर

घेतलेल्या वर्कस्टेशनचा हा अनुभव: ३२ कोअर, १२८ एमबी एल-थ्री कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी), २५६ जीबी ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) रॅम, आणि प्रोसेसरपासून रॅमपर्यंत आठ चॅनेल, म्हणजे आठ रस्ते. मशीनवर काम एकच चालतं: युनिटॅरिटीवरचा फर्मी वायू (अतिथंड फर्मिऑन अणू, त्यांची आपसातली टक्कर क्वांटम नियम होऊ देतील तितकी जोरदार), घन जाळीवर, ऑक्झिलरी-फील्ड क्वांटम माँटे कार्लोने, म्हणजे जाळीच्या प्रत्येक जागी अधिक-उणे असं सहायक फील्ड ठेवून त्याचे यादृच्छिक नमुने घेत. दोन्ही स्पिन समसमान, यू/टी (एका जागेवरची ओढ भागिले शेजारी उडी मारण्याची ऊर्जा) = −७.९१३५५, म्हणजे दोन्ही स्पिनचे डिटर्मिनंट सारखे, गुणाकार वर्ग, म्हणून साइन प्रॉब्लेम (अधिक-उणे नमुने एकमेकांना खोडून टाकण्याची अडचण) नाही. २०११ साली याच घराण्यातल्या गणिताने तळपातळीची ऊर्जा मुक्त वायूच्या ०.३७२ पट काढली आणि २०१२ मध्ये एमआयटीच्या लिथियम-६ वरच्या प्रयोगात ०.३७६ आली. असल्या कामाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही, पण मेमरीची रुंदी (सेकंदाला किती डेटा वाहतो ती) लागते. आणि विक्रेत्याने हात मारला तो नेमका तिथेच.

सुरुवातीचं मत उत्तम होतं. ६×६×६ च्या जाळीवर मॅट्रिक्स २१६×२१६, डबल प्रिसिजनमध्ये (एका संख्येला आठ बाइट) ३७३ किलोबाइट. प्रत्येक कोअरवर एक स्वतंत्र मार्कोव्ह साखळी (एकातून पुढचा असे नमुने काढत जाणारं गणित) आणि तिचे चार मॅट्रिक्स धरले तरी सगळं मिळून ४८ एमबीच्या आत, म्हणजे अख्खं काम कॅशमध्येच. मशीन वाऱ्यासारखं पळालं. एक काळजी मात्र घ्या: ओपनब्लास या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररीचे थ्रेड १ वर बांधा, नाहीतर ३२ साखळ्या गुणिले ३२ थ्रेड असा गोंधळ होतो आणि मशीनला उगाच शिव्या बसतात.

१२×१२×१२ ला गेलो आणि रंग उतरला. १७२८ जागा, एकेक मॅट्रिक्स २४ एमबी. १६ साखळ्या चालवा की ३२, दिवसाअखेर नमुने तितकेच. कारण उघड आहे: फील्डच्या स्वीकारलेल्या प्रत्येक फ्लिपला (एका जागेचं चिन्ह उलटण्याला) शर्मन-मॉरिसनच्या सूत्राने ग्रीन फंक्शनचा (कण एका जागेवरून दुसरीकडे कसा जातो ते सांगणारा) अख्खा मॅट्रिक्स वाचून परत लिहावा लागतो. तिथं कोअर रिकामे बसतात, वाट बघायची ती मेमरीची. मेमरीचा वेग मोजणारी स्ट्रीम चाचणी लावली, तिच्यातल्या ट्रायड या मोजणीचा आकडा सेकंदाला ८० जीबीच्या आसपास. डीडीआर४-३२०० चा एक चॅनेल कागदावर २५.६ जीबी देतो, आठ चॅनेलचे २०४.८ होतात. कुठल्या स्लॉटमध्ये काय बसलंय ते सांगणारी डीएमआयडीकोड कमांड चालवून पाहिली: रॅमच्या ६४ जीबीच्या चार काड्या, चार स्लॉट कोरे. आठ पदरी रस्ता बांधायचा आणि चार पदरांवर बॅरिकेड लावून मोकळं व्हायचं, असला प्रकार.

कोटेशनमध्ये ‘२५६ जीबी, आठ चॅनेल’ असं छापलेलं आहे. विक्रेत्याचं म्हणणं, आठ चॅनेल हे बोर्डाचं वैशिष्ट्य, भरून देऊ असं कुठं लिहिलंय? ऑन-साइट वॉरंटीचा इंजिनिअर आला, स्क्रीनवर एकूण रॅम २५६ दिसली, ‘साहेब, पूर्ण आहे ना’ म्हणाला आणि तक्रार निकाली काढून गेला. स्लॉटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बर्डीवर (नागपूरच्या बाजारात) सुट्या काड्या मिळतात, पण त्या बहुतेक साध्या. इथं रजिस्टर्ड ईसीसी (सर्व्हरवाली) लागते, आणि रँक (काडीवरच्या चिपांचे गट) वेगळी असलेल्या काड्या मिसळल्या तर मशीन वेग खाली आणतं किंवा सुरूच होत नाही. शेवटी विक्रेत्याने फरकाची रक्कम घेऊनच चारच्या जागी ३२ जीबीच्या आठ काड्या बदलून दिल्या. ट्रायड १४० च्या वर गेला आणि १२ च्या जाळीवरचा एक स्वीप (सगळ्या फील्डवरची एक फेरी) साधारण दीडपट जलद झाला. फुकट मिळायला हवं होतं ते पैसे मोजून मिळालं, याचा राग अजून आहे.

आता मत थोडं बदलावं लागतंय. मधल्या काळात कोडमध्ये दोन गोष्टी केल्या. पहिली, विलंबित अपडेट: फ्लिप एकेक न लावता ३२ किंवा ६४ साठवायचे आणि एका मॅट्रिक्स गुणाकारात लावायचे. दुसरी जास्त गोड आहे. घनता ०.०५ ठेवली तर १७२८ जागांवर अणू जेमतेम ८६. दर दहाएक स्लाइसला (गणितातल्या काळाच्या बारीक तुकड्यांना) क्यूआर (मॅट्रिक्सचं विघटन) करून स्थिरीकरण करावंच लागतं, नाहीतर कमी तापमानाला लहान-मोठ्या संख्यांची दरी डबल प्रिसिजनच्या सोळा अंकांत मावत नाही. त्या क्यूआरमधल्या कर्णावर बहुतेक संख्या नगण्य निघतात. ते स्तंभ छाटून टाका. १५० स्तंभ ठेवले तरी मॅट्रिक्स २४ एमबीचा २ एमबी होतो. छाटणीची मर्यादा दोनदा बदलून ऊर्जा हलत नाही एवढं मात्र तपासा. हे केल्यावर चार चॅनेल आणि आठ चॅनेल यांतला फरक १२ च्या जाळीवर जवळपास मावळला. म्हणजे ज्यासाठी भांडलो ते निम्मं कोडनेच दिलं, तेही एक रुपया न घेता. तरी विक्रेत्याला माफी नाही. १६ च्या जाळीवर याच घनतेला २०५ अणू होतात, छाटूनही मॅट्रिक्स ११ एमबीच्या पुढे जातो, ३२ साखळ्या कॅशबाहेर पडतात आणि तेव्हा आठही चॅनेल लागतात. जाळीचा परिणाम पुसायला घनता शून्याकडे नेऊन एक्स्ट्रापोलेशन करायचं तर मोठी जाळी टाळता येत नाही.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. नवतपात बंद खोलीत प्रोसेसर घड्याळ खाली आणणारच. बायोसमध्ये पॉवर मर्यादा २८० वरून २२५ वॅटवर आणा. मोठ्या जाळीवर काम मेमरीवर अडलेलं असल्यामुळे वेगात फारसा फरक पडत नाही आणि पंख्यांचा आक्रोश थांबतो. कूलरच्या झोताच्या समोर मशीन ठेवू नका. वाळ्याचे तंतू रेडिएटरच्या पात्यांत अडकतात, आणि पाण्याचे बारीक थेंब उडत असतील तर क्षारही येतात. कूलर खिडकीत, मशीन बाजूच्या भिंतीला, समोरचं दार उघडं.

लाइट जाण्याची भीती वाटत असेल तर मोठ्या यूपीएसवर पैसे घालू नका. चेकपॉइंटला मॅट्रिक्स साठवायचे नसतात. फील्ड तेवढं साठवा, प्रत्येक जागेला अधिक किंवा उणे, एक बिट. ४०० स्लाइसचे १७२८×४०० बिट, म्हणजे ८६ किलोबाइट, वर रँडम नंबर जनरेटरची स्थिती. ग्रीन फंक्शन त्यातून पुन्हा उभं राहतं. काही मिनिटं तग धरणारा साइन वेव्ह यूपीएस पुरतो. चौकोनी लाटेच्या घरगुती इन्व्हर्टरवर मात्र मशीनचा पॉवर सप्लाय कुरकुरतो.

गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड टाकून स्वस्तात उरकू असं कुणी सुचवेल. एनव्हिडियाच्या अलीकडच्या अशा कार्डांचा डबल प्रिसिजनचा वेग सिंगलच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढा असतो, विषय संपला.

घ्यायचं असेल तर ऑर्डरवर ‘३२ जीबी × ८, रजिस्टर्ड ईसीसी, आठही चॅनेल भरलेले’ असं अक्षरशः लिहून घ्या आणि पैसे देण्याआधी त्यांच्याच माणसाकडून ट्रायड चालवून घ्या. असमतोल स्पिनच्या वायूसाठी घेत असाल तर थांबा. तिथं साइन प्रॉब्लेम तापमान उतरेल तसा घातांकाने वाढतो, आठ काय, बारा चॅनेलही कामाला येत नाहीत.