मिनी पोकलेन की जेसीबी? आधी नेण्याचा हिशेब करा

परवा पाईपलाईनची कामं घेणारा एक पोरगा नागपूरजवळच्या वाडीला माझ्याकडे आला. "काका, तीन टनांचं मिनी पोकलेन, म्हणजे चेनवर चालणारं छोटं खोदायचं मशीन, घेऊ की जेसीबी?" मी विचारलं, "कामावर नेशील कशावर?" पोरगा गप्प. किंमत, हप्ता, बकेट सगळं पाहून झालं होतं, एवढंच राहिलं होतं. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

आपण ज्याला जेसीबी म्हणतो तो बॅकहो लोडर साधारण साडेसात टनांचा असतो. त्याचं खरं बळ चाकांत आहे. पासिंग, विमा आणि ऑपरेटरचं लायसन नीट असलं की सकाळी बेसा, दुपारी हिंगणा, रात्री घरी, सगळं स्वतःच्या चाकांवर. पुढच्या बकेटने तो डंपर भरतो, मुरूम पसरवतो. मिनीचं ब्लेड माती फक्त लोटतं, उचलत नाही. तुमची कामं बेलतरोडी-जामठ्याकडच्या नव्या लेआउटची असतील, प्लॉट सपाट करणं, भरण टाकणं, मोकळ्या जागेत पाया खोदणं, तर जेसीबीच घ्या.

जुन्या नागपुरातल्या महाल-इतवारीच्या गल्लीत मात्र चित्र उलटं होतं. जेसीबी सव्वादोन मीटर रुंद. खोदायला मागचे पाय टेकवावे लागतात आणि मागचा दांडा अर्ध्या वर्तुळातच फिरतो. तीन टनांचं मिनी दीड मीटरच्या आसपास रुंद, जागेवर पूर्ण गोल फिरतं, आणि बूम, म्हणजे खोदणारा दांडा, बाजूला वळत असल्यामुळे भिंतीला लागून सरळ चर काढतं. काटोल-नरखेडच्या संत्रा बागांतही तेच. सहा मीटरवर झाडं, खाली भारी काळी माती. पाणी साचलं की संत्र्याची मुळं सडतात, म्हणून निचऱ्याचे चर काढावेच लागतात. तिथे जेसीबी फांद्या मोडतो आणि पहिल्या पावसानंतर चाकं रुतवून बसतो. चेनवरच्या मिनीचं वजन पसरलेलं असतं, ते ओल्या रानातही निघून येतं. बागेचं काम मला मनापासून आवडतं, आणि त्या कामाला मिनीसारखं दुसरं काही नाही.

तीन टन की पाच टन? इथे जमीन ठरवते. नागपूर दोन खडकांच्या सीमेवर बसलंय: पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाइस. पश्चिमेकडे मुरूम संपला की काळा पाषाण लागतो, आणि तीन टनांचं मशीन दगड फोडायचा ब्रेकर लावूनही तिथे तासन् तास ठोकत बसतं. अशी कामं जास्त असतील तर पाच-साडेपाच टनांचं बघा. खोली साडेतीन मीटरच्या पुढे मिळते, पण रुंदी दोन मीटरच्या जवळ जाते. म्हणजे अर्ध्या गल्ल्या हातच्या गेल्या, आणि नेणारी गाडीही मोठी लागली.

आता त्या गाडीबद्दल. तीन टनांचं मशीन, वर ब्रेकर, जादा बकेट आणि डिझेल धरलं की साडेतीन टन होतात. गाडीच्या आरसी बुकात एकूण पासिंग वजन बघा, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरेल तेवढाच माल. छोट्या टेम्पोत हे बसत नाही, तरी लोक चढवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. एका दंडात कित्येक खेपांचं भाडं जातं, आणि अपघात झाला तर विम्याचा वेगळा घोळ.

दुसरी गोष्ट रॅम्प. चढ १५ अंशांच्या वर नको. गाडीचा फाळका एक मीटर उंच असेल तर रॅम्प जवळजवळ चार मीटर लांब लागतो. माझं मशीन एकदा पावसात भाड्याच्या गाडीवर चढवताना ओल्या लाकडी फळीवरून सरकलं. ऑपरेटर वाचला, सिलिंडरचा दांडा वाकला. तेव्हापासून चेनची माती काढल्याशिवाय आणि लोखंडी, खाचा असलेले रॅम्प असल्याशिवाय मी मशीन चढवू देत नाही. रॅम्पवर वळायचं नाही, बूम फिरवायचा नाही. वर गेल्यावर बकेट लाकडी ठोकळ्यावर टेकवा, वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉक लावा आणि चारही कोपरे साखळीने ताणून बांधा. नायलॉनच्या दोरीवर विसंबू नका.

देखभाल जेसीबीची सोपी, कारण त्याचे मिस्त्री आणि पार्ट गावोगावी मिळतात. मिनीच्या पार्टची चौकशी मशीन घेण्याआधी करा. मिनीचा खर्च खालच्या अंगाला असतो: रबरी चेन, तिच्या आतले रोलर आणि टोकाचं चाक म्हणजे आयडलर. काळी माती संध्याकाळी काढली नाही तर रात्रीत वाळून घट्ट बसते आणि सकाळी रोलर फिरत नाहीत. दगडावर जागच्या जागी वळवलं की रबर चिरतं. सांध्यांतल्या पिन-बुशना रोज ग्रीस, ब्रेकरला दर दोन तासांनी. इंजिन ऑइल साधारण २५० तासांनी, आणि ब्रेकरचं काम जास्त असेल तर हायड्रॉलिक ऑइल पुस्तकात दिलंय त्याच्या आधीच बदला. मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा मशीनच्या कूलरची जाळी दुपारच्या सुट्टीत हवा मारून साफ करायलाच हवी. डिझेलमध्ये मिनी जिंकतं: तासाला तीन-चार लिटर, जेसीबीला सहाच्या आसपास.

घेणं की भाड्याने चालवणं, याला एक साधा हिशेब पुरतो. समजा हप्ता ५०,००० रुपये. महिन्यात १०० तास काम मिळालं तर तासाला ५०० रुपये नुसत्या हप्त्याचे. ५० तासच मिळालं तर १,०००. त्यावर ऑपरेटर, डिझेल, चेन, आणि प्रत्येक खेपेची गाडी. दोन-दोन तासांची विखुरलेली कामं असतील तर मिनीची कमाई गाडीच खाते. एका जागी चार-पाच दिवसांचं काम मिळत असेल तरच ते परवडतं.

त्या पोराची कामं बहुतेक जुन्या वस्तीतली आणि थोडी काटोलकडची, म्हणून मी तीन टनांकडे बोट दाखवलं, पण लगेच नाही. सध्या तो भाड्याचं मशीन चालवतोय आणि वहीत रोज तीन आकडे लिहितोय: किती तास चाललं, गाडीला किती गेले, किती तास नुसतं उभं राहिलं. दिवाळीपर्यंत महिन्याला १०० तास भरले तर मी त्याच्यासोबत मशीन बघायला जाणार आहे.